कारखान्याच्या कॉलनीतलं पीएलसी मीटर जाळं: ऑर्डर देण्याआधीच्या नोंदी

२९ सप्टेंबर २०२५

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी एका सहकारी साखर कारखान्याची कॉलनी आहे, तिथलं काम आलंय. क्वार्टर्स, गेस्ट हाऊस, शाळा, रस्त्यावरचे दिवे, नदीवरचं पंपहाऊस आणि गेटबाहेरची चार दुकानं, सगळ्यांना वीज कारखान्याच्या स्वतःच्या लाइनवरून जाते. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या जागा, तीन. मीटर आहेत, पण टाइम ऑफिसचा माणूस महिन्याला वही घेऊन फिरतो आणि कुलूपबंद घराचं रीडिंग मागच्या महिन्यावरून ठोकून देतो. मॅनेजमेंटला मीटर आपोआप वाचले जायला हवेत, तेही वीज येते त्याच तारेवरून, म्हणजे पीएलसीने (पॉवर लाइन कम्युनिकेशन).

रेडिओचा विचार आधी केला. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना आहे, मोड्यूल स्वस्त मिळतात. पण इथे मीटर जिन्याखाली लोखंडी पेट्यांत, आणि पंपहाऊसच्या वाटेवर डोक्याच्या वर गेलेला ऊस. ओल्या पाल्यातून त्या फ्रीक्वेन्सीचं फार काही पार जात नाही. तार मात्र प्रत्येक मीटरपर्यंत गेलेलीच आहे.

साहेबांचं म्हणणं, दिवाळीपूर्वी चाचणी उरकू आणि पाडव्याला सगळ्या मीटरची ऑर्डर देऊ. मी नको म्हटलं. हंगाम बंद असताना ही कॉलनी अर्धी झोपलेली असते. चाचणी गाळप पूर्ण जोरात येईपर्यंत चालली पाहिजे, नाहीतर जे मोजू ते दुसऱ्याच कॉलनीचं असेल. बरीच घासाघीस होऊन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुदत मिळाली.

१ ऑक्टोबर

लाइन पायी फिरलो. सोबत वायरमन मामा. इलेक्ट्रिकल ऑफिसातला नकाशा ट्रेसिंग पेपरवरचा, त्यात शाळेमागची चाळच नाही. मामा नकाशाकडे बघतही नव्हते. "ह्यो खांब हलवलाय, तिकडची केबल जळल्यावर हिकडनं घेतलीय," असं सांगत पुढे.

डीपी-२ ची लाइन सगळ्यात लांब. निम्मी एबी केबल (एकत्र पिळलेल्या, इन्सुलेशन असलेल्या तारा), पुढे जुनी उघडी तार, मधेच कुठेतरी जाडी बदललेली. जिथे तारेचा प्रकार बदलतो तिथून सिग्नलचा काही भाग उलटा फिरतो, म्हणून असा प्रत्येक सांधा वहीत टिपला.

क्वार्टर्सच्या जिन्यात तीन फेज शेजारी शेजारी येतात. एक फेज गेला की लोक स्वतःच किटकॅट (फ्यूज) काढून दुसऱ्या फेजवर टाकतात, आणि लाइट आल्यावर परत कोणी बदलत नाही. कुठलं घर कुठल्या फेजवर हे त्यामुळे कुठल्याच कागदावरून कळायचं नाही.

आणखी एक. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. तेव्हा डीपी-२ च्या पेटीत पाणी शिरलं. मामांनी खांबावरची खूण दाखवली. कॉन्सन्ट्रेटरची, म्हणजे सगळ्या मीटरची रीडिंग गोळा करणाऱ्या यंत्राची, पेटी त्या खुणेच्या हातभर वर बसणार, मग शिडी लागली तरी चालेल.

४ ऑक्टोबर

चाचणीसाठी डीपी-२ घेतली. मीटर पुरवणाऱ्या कंपनीचा आग्रह डीपी-१ साठी होता: नवी केबल, जवळजवळ घरं, आणि रिपोर्टात छान दिसेल असं सगळं. मला वाईट डीपी हवी. वाईट जागी चाललं तर चांगल्या जागेची काळजी नाही. उलट्या बाजूने हा हिशेब लागत नाही.

त्यांनी फ्रान्सचं उदाहरण दिलं. तिथे लिंकी नावाचे सुमारे साडेतीन कोटी मीटर बसलेत आणि ते पीएलसीवरच बोलतात. इटलीत तर एनेलने २००१ पासून हेच केलं. खरं आहे. पण तिथे किटकॅट काढून फेज बदलणारे शेजारी नाहीत, आणि लाइनवर दर चार वर्षांनी वेगळ्या जाडीची तार जोडलेली नसते. तंत्र चालतं याबद्दल वाद नाहीच, या लाइनवर चालतं का एवढंच बघायचंय.

मांडणी: जी-३ या पीएलसी मानकाचे मीटर. सुरुवात सेनेलेक-ए या युरोपीय मानकातल्या पट्ट्यात, म्हणजे साधारण ३६ ते ९१ किलोहर्ट्झ, त्यात ३६ कॅरिअर (सिग्नल वाहणाऱ्या वारंवारता). हेच मीटर वरच्या पट्ट्यातही, १५० ते ४९० पर्यंत, चालवता येतात, म्हणून ते निवडले. डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मरमधून हा सिग्नल पलीकडे जवळपास जातच नाही, तेव्हा प्रत्येक डीपीला आपला कॉन्सन्ट्रेटर, ट्रान्सफॉर्मरच्या एलटी (कमी व्होल्टेजच्या) बाजूला, तिन्ही फेजवर सिग्नल सोडणारा. तिथून पुढे सर्व्हरपर्यंत फोरजी.

८ ऑक्टोबर

मीटर बसवण्याआधी लाइन ऐकून घेतली. डीपीवर, मधल्या जिन्यात आणि शेवटच्या खांबावर कपलर लावून १० ते ५०० किलोहर्ट्झचा स्पेक्ट्रम घेतला. (कपलर म्हणजे एक्स-१ वर्गाचा कपॅसिटर आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. स्कोपचा साधा प्रोब थेट फेजला लावणाऱ्यांशी मला बोलायचं नाही.)

दुपारी लाइन शांत. संध्याकाळी सातनंतर खालचा पट्टा भरून येतो. टीव्ही, चार्जर, एलईडी बल्ब, प्रत्येकात स्विचिंग सप्लाय. त्यांचा आवाज, म्हणजे तारेवर येणारा नको तो सिग्नल, १०० हर्ट्झच्या ठेक्यावर, म्हणजे दर १० मिलीसेकंदांनी चढतो-उतरतो. शिवाय जे यंत्र चांगल्या कंपनीचं आहे ते आवाज करत नाही, पण त्याच्या तोंडाशी असलेला फिल्टरचा कपॅसिटर आपला सिग्नल गिळतो. ०.४७ मायक्रोफॅरॅडचा एक कपॅसिटर ६० किलोहर्ट्झला साडेपाच ओहमच्या आसपास दिसतो. जिन्यात अशी वीस यंत्रं समांतर लागली की काय उरणार, हे वेगळं सांगायला नको.

११ ऑक्टोबर

मीटर बसायला लागले. लोकांची पहिली शंका अपेक्षित होती: हे मीटर पळतात. वर्तमानपत्रांत स्मार्ट मीटरवरून जे चाललंय ते सगळ्यांनी वाचलंय. म्हणून जुना मीटर काढायचा नाही, दोन्ही एकामागे एक ठेवायचे आणि महिनाअखेर दोन्ही आकडे घरमालकाला दाखवायचे. पेटीत जागा पुरत नाही, सुताराला बोलवावं लागलं. पण याने जेवढं वातावरण निवळलं तेवढं कुठल्याही सभेने निवळलं नसतं. एका काकूंनी तर दोन्ही आकडे रोज खडूने दारामागे लिहायला सुरुवात केली आहे.

१४ ऑक्टोबर

फेजचा गोंधळ सुटला. मीटर व्होल्टेजची शून्य-वेळ, म्हणजे व्होल्टेज शून्यातून जातं तो क्षण, कॉन्सन्ट्रेटरशी ताडून पाहतो. २० मिलीसेकंदांच्या सायकलमध्ये एक फेज दुसऱ्यापासून ६.६७ मिलीसेकंद सरकलेला असतो, त्यावरून कोण कुठे ते कळतं. बी फेजवर निम्मी कॉलनी लटकलेली निघाली. साहेबांना हा तक्ता मीटरपेक्षा जास्त आवडला.

१६ ऑक्टोबर

कंपनीचा इंजिनिअर आला होता. लॅपटॉप उघडला, बारा वाजता सगळ्या मीटरना पिंग केलं, सगळे हजर. "सर, हंड्रेड पर्सेंट." मी त्याला चहा पाजला आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत थांबायला सांगितलं. त्याला कोल्हापूरची गाडी पकडायची होती.

मीटर जाळ्यात नोंदलेला असणं एक, आणि त्याचं रीडिंग वेळेत हातात पडणं दुसरं. अर्ध्या तासाला एक म्हणजे दिवसाला ४८ नोंदी. आमची कसोटी अशी ठरवली: सकाळी सहा वाजता आदल्या दिवसाच्या ४८ पैकी किती आल्या, आणि ज्या पहिल्या फेरीत आल्या नाहीत त्या कुठल्या तासांच्या आहेत. सरासरी काढायची नाही. सरासरीत संध्याकाळ लपते.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

मी घरी सांगलीत. लॉग चालू ठेवलाय.

२४ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजनाच्या रात्री सात ते अकरा बी फेज जवळजवळ मुकी. प्रत्येक गॅलरीत आकाशकंदील आणि दोनदोन माळा, ॲडॉप्टर बाजारातले सगळ्यात स्वस्त. उशिरा माळा बंद झाल्या तसे मीटर एकेक परत आले आणि साठवलेल्या नोंदी पहाटेपर्यंत भरून निघाल्या. वर्षातून चार रात्री असं झालं तर मला चालेल. बिलाला काही फरक पडत नाही.

पण लॉग नीट वाचताना दुसरीच गोष्ट सापडली, आणि ती दिवाळीची नाही. पंपहाऊसकडच्या टोकाचे मीटर रोज पहाटे साडेपाच ते आठ आणि दुपारी चारच्या सुमाराला गायब होतात. दिवाळीच्या आधीपासून.

इथे एक भेद कामाला येतो. मीटरकडून दोन आकडे मिळतात: सिग्नल किती जोराचा आला, आणि आवाजापेक्षा तो किती वर आहे. दिवाळीच्या रात्री सिग्नलचा जोर तेवढाच होता, आवाज वर चढला होता. पंपहाऊसच्या बाबतीत आवाज तेवढाच, सिग्नलच बसलेला. म्हणजे तिथे कोणी ओरडत नाहीये, कोणीतरी सिग्नल पिऊन टाकतंय.

२८ ऑक्टोबर

पिणारा सापडला. पंपाच्या पॅनेलमध्ये पॉवर फॅक्टरसाठी १० केव्हीएआरची कपॅसिटर बँक आहे, पंपाच्या कॉन्टॅक्टरबरोबर (पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचबरोबर) आत-बाहेर होणारी. हिशेब सरळ आहे. ४४० व्होल्टला डेल्टामध्ये प्रत्येक बाजूला साधारण ५५ मायक्रोफॅरॅड. ५० हर्ट्झला ते ५८ ओहम, निरुपद्रवी. ६० किलोहर्ट्झला ०.०५ ओहम, म्हणजे सिग्नलच्या दृष्टीने दोन फेज एकमेकांना चिकटवल्यासारखं. जोडवायरीचं इंडक्टन्स थोडं वाचवतं, मीटरभर वायरीला ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री, त्याचे तिथे ०.४ ओहम होतात. तरीही खड्डा तो खड्डाच.

परमिट घेऊन बँक तासभर तोडली. पंप चालू, बँक बाहेर. टोकाचे मीटर पाचेक मिनिटांत परत.

बँक कायमची काढा म्हणणं मूर्खपणाचं, ती तिथे कारणाने आहे. उपाय म्हणजे सात टक्क्यांचा डीट्यून्ड रिअॅक्टर (तारेचा गुंडाळा) कपॅसिटरच्या मालिकेत. तो खरं तर हार्मोनिक्ससाठी लावतात, त्याची अनुनाद-वारंवारता १८९ हर्ट्झला पडते. पण प्रत्येक फेजला ४.३ मिलिहेन्रीच्या आसपासचा तो गुंडाळा ६० किलोहर्ट्झला कागदावर दीड हजार ओहमच्या वर जातो. वेटोळ्यांमधल्या भटक्या कपॅसिटन्समुळे प्रत्यक्षात बराच कमी, पण खड्डा बुजवायला पुरेसा. एक पथ्य मात्र पाळायचं: रिअॅक्टर आला की कपॅसिटरवरचं व्होल्टेज साडेसात टक्क्यांनी चढतं. जुने ४४० व्होल्टचे डबे तसेच ठेवले तर पुढच्या उन्हाळ्यात फुगतील. ४८० किंवा ५२५ चे घ्यायला सांगितलंय, केव्हीएआरचा हिशेब त्या व्होल्टेजला परत करून.

स्टोअरने विचारलं, मीटरच्या बजेटमधून रिअॅक्टर कसा घ्यायचा. बरोबर प्रश्न आहे, पण उत्तर माझ्याकडे नाही, अकाउंट्सकडे आहे.

४ नोव्हेंबर

मोळी पडली. हंगाम सुरू. गव्हाणीपासून गेटपर्यंत ट्रॅक्टरांची रांग, कॉलनीमागच्या माळावर बीडकडच्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या. शेवटच्या खांबावरून त्यांना दिव्यांची तात्पुरती लाइन दिली आहे. लॉगमध्ये अजून काही नाही.

१० नोव्हेंबर

याचसाठी थांबलो होतो.

रात्री नऊ ते दोन, कधी तीन, डीपी-२ चा मागचा अर्धा भाग मधूनमधून तुटतो. सलग नाही, दहा-वीस सेकंद, मग मिनिटभर ठीक, मग परत. सिग्नलचा जोर जागेवर, आवाज अचानक उंच. माझा पहिला संशय कोप्यांवर, म्हणजे स्वस्त बल्ब आणि चार्जरवर. मामांनी मान हलवली. "बल्ब असा थांबून थांबून पेटतोय व्हय?"

स्कोप घेऊन रात्री खांबाखाली बसलो. ४० किलोहर्ट्झच्या थोडं वर एक सुळका, दुसरा त्याच्या दुप्पट जागी ८० च्या पुढे, दोन्ही नेमके आमच्या पट्ट्यात. सुळका उगवला की त्याच क्षणी गेटबाहेर निळा उजेड. ट्रॉलीदुरुस्तीचं दुकान. हंगामात ट्रॉल्यांचे हूक आणि चासी रात्रीच तुटतात, आणि सकाळच्या खेपेआधी जोडून द्यायच्या असतात. दुकानदाराने गेल्या वर्षी जुना तेलाचा वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर काढून खांद्याला अडकवायचं इन्व्हर्टर मशीन घेतलं. त्यातले आयजीबीटी (स्विचिंग ट्रान्झिस्टर) त्याच वारंवारतेला उघडझाप करतात जिथे आमचे मीटर बोलतात, आणि मशीनच्या तोंडाशी फिल्टर नावाला.

खात्रीसाठी त्याला जुना ट्रान्सफॉर्मर काढून एक जोड मारायला सांगितलं. कुरकुरला, पण मारला. व्होल्टेज जरा दबलं, दिवे मिचकले, मीटर मात्र सगळे जागेवर. परत इन्व्हर्टर, परत सुळका. "माझ्या मशीनचं काय चुकलं? बिल निम्म्यावर आलंय माझं," म्हणाला. त्याचं काहीच चुकलेलं नाही.

ऑक्टोबरात ऑर्डर गेली असती तर हे दुकान बंद असतानाचे आकडे घेऊन गेली असती.

१५ नोव्हेंबर

दोन वाटा तपासल्या.

पहिली, वरचा पट्टा. १५० किलोहर्ट्झच्या वर वेल्डिंगचा आवाज बराच उतरतो, आणि कपॅसिटर-फिल्टरच्या परिसरात लाइनचा इंपिडन्सही (विद्युत अडथळा) थोडा बरा असतो, म्हणजे सिग्नल कमी गिळला जातो. पण अंतर वाढलं की सिग्नल तिथे जास्त झिजतो. डीपीजवळची आणि मधल्या जिन्यांतली घरं सुधारली. टोकाची घरं थेट पोचेनाशी झाली, दुसऱ्या मीटरच्या खांद्यावरून यायला लागली, तेही दोन-तीन टप्प्यांनी.

दुसरी, आवाज उगमाशीच अडवायचा. मोठ्या सबस्टेशनात लाइनवर ढोलासारखे वेव्ह ट्रॅप टांगलेले असतात, कॅरिअर सिग्नल नको तिकडे जाऊ नये म्हणून. तसाच छोटा फिल्टर दुकानाच्या सर्व्हिस लाइनवर, मीटरच्या आधी. दुकानाचा करंट वाहून नेईल असा, आणि चोक वेल्डिंगच्या भाराला सॅच्युरेट होणार नाही असा. ही दुसरी अट कोटेशनमध्ये लिहून घ्यायचीय, नाहीतर नेमका गरजेच्या वेळी तो नुसती तार बनेल.

दोन्ही एकत्र लागतील असं दिसतंय.

१९ नोव्हेंबर

टप्प्यांवर भरवसा किती ठेवायचा ते तपासलं. मधल्या जिन्यातला एक मीटर पाच घरांची रीडिंग पुढे ढकलत होता. त्याचा किटकॅट काढला. चार घरांनी पंधरा-वीस मिनिटांत दुसरी वाट शोधली, पाचव्याने रात्रभर नाही. नियम केला: कुठल्याही मीटरला दोन स्वतंत्र वाटा असल्याशिवाय तो 'झाला' असं धरायचं नाही. एकच वाट असलेल्यांची यादी आता वेगळी आहे, त्यातले बहुतेक शाळेमागच्या चाळीतले. नकाशात नव्हती तीच चाळ.

२४ नोव्हेंबर

डीपी बंद करून चालू करण्याची चाचणी. कारखान्यात टर्बाइन ट्रिप झालं की कॉलनीची लाइट जाते आणि ग्रिडवर घेईपर्यंत वेळ लागतो, म्हणजे हे हंगामात होणारच. लाइट आल्या आल्या सगळे मीटर एकदम जाळ्यात शिरायला बघतात आणि एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. कंपनीच्या कागदावर काही मिनिटं, इथे संध्याकाळच्या वेळी पाऊण तासाच्या पुढे. प्रत्येक मीटरने यादृच्छिक वेळ थांबून मग हाक मारायची, ही सेटिंग मीटर कंपनीकडून आली तेव्हा फारच छोटी होती. वाढवली, वेळ निम्म्याने उतरली. यावर अजून काम करता येईल, पण बिलिंगसाठी एवढं पुरे.

महिन्याचे दोन्ही मीटरचे आकडेही जुळले. काकूंचा खडूचा तक्ता साहेबांनी मोबाइलवर फोटो काढून नेला.

३ डिसेंबर

मीटिंग झाली. ठरलं ते असं.

डीपी-१ आणि डीपी-३ ची ऑर्डर जाईल, पण पैसे टप्प्याने, आणि शेवटचा टप्पा फेब्रुवारीत, गाळप चालू असताना संध्याकाळच्या तासांचे आकडे पाहून. ही अट कंपनीला आवडली नाही. शेवटी मान्य केली.

डीपी-२ ला वरचा पट्टा, दुकानाच्या लाइनवर फिल्टर, आणि चाळीजवळच्या खांबावर दुसरा कॉन्सन्ट्रेटर. त्याचा खर्च तीन डीपींच्या मूळ अंदाजात नव्हता. पण एका वाटेवर लटकलेली घरं दर महिन्याला माणूस पाठवून वाचायची असतील तर एवढा खटाटोप कशाला केला?

पंपहाऊसचे मीटर पीएलसीवर घ्यायचे नाहीत. रिअॅक्टर लागला तरी तिथे उद्या कोणी पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवेल, परवा सोलर इन्व्हर्टर येईल. तीनच मीटर आहेत, त्यांना सिमकार्ड. साहेबांनी विचारलं, मग सगळ्यांनाच सिम का नको? जिन्याखालच्या पेटीत रेंज येत नाही, आणि शेकडो सिमांचा रिचार्ज दर महिन्याला कोण बघणार, एवढंच सांगितलं. टाइम ऑफिसच्या माणसाने लगेच हात वर केला: "मी नाही."

बाकी राहिलेलं: बंद हंगामातली चाचणी एप्रिलमध्ये, ग्रिडच्या पुरवठ्यावर आणि कुलरच्या दिवसांत. फिल्टर पुढच्या आठवड्यात इचलकरंजीहून येतोय. दुकानदाराशी वेळ ठरवलीय, दुपारी एक ते तीन, कारण रात्री तो तासभरही लाइन सोडायला तयार नाही. मामांचं परमिट त्याच वेळेचं काढायचं.